चिलटाचा चौथा काटा

पाऊस मुरला की भोपाळमधल्या आमच्या अयोध्या नगरातले कूलर बंद होतात. उन्हाळाभर घरघरलेली ती पत्र्याची धुडं मग खिडक्यांना नुसतीच लटकत राहतात. तळाशी वीतभर पाणी, तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या ओल्या ताट्या. आठ-दहा दिवसांत त्या ताट्यांना वास सुटतो, ओल्या गोणपाटाचा आणि जरासा आंबट, आणि त्या वासामागून चिलटं येतात. चहाच्या कपात, आरशावर, देवापुढच्या दुधाच्या वाटीत. शेजारच्या भाभी परवा फडकं झटकत म्हणाल्या, "दीदी, इन मच्छरों का कुछ करो." मी म्हटलं, मच्छर नाहीत ते. चावत नाहीत, कुणाचं रक्त पीत नाहीत, ओल्या लाकडावरची बुरशी खाऊन जगतात. त्या हसल्या. "आप भी ना दीदी, इत्ते से कीड़े के लिए."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की डोकं तापतं. भाभींवर राग नाही. त्यांच्या दुधात चिलटं पडतात, त्या वैतागणारच. राग येतो तो शिकल्यासवरल्या माणसांचा, ज्यांना वाटतं की वस्तू लहान असली की तिच्याबद्दल खोटं बोललं तरी चालतं. त्या माणसांत मी पण होते, म्हणून तो राग कुठे ठेवायचा हे मला अजून कळलेलं नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच बरखेड्यात राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. बाबा वर्ध्याहून ड्राफ्ट्समन म्हणून आले ते इथलेच झाले. पावसाळ्यात क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर मखमलीसारखं शेवाळ चढायचं. मेंटेनन्सवाले ते खरवडून चुना फासून जायचे आणि पुढच्या पावसात ते पुन्हा तिथेच यायचं. सकाळच्या भोंग्याबरोबर सायकलींची एक लांब, न तुटणारी रांग फाटकाकडे सरकायची. तिच्यात कुठेतरी बाबांचा करडा रेनकोट असायचा. घरात आम्ही मराठी बोलायचो, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि आई दोन्ही एकाच वाक्यात.

मी त्या वर्षी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि शहरातल्या एका कॉलेजात आमच्या सरांच्या हाताखाली, कसलीही नेमणूक नसताना, प्रयोगशाळेत काम करत होते. सरांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक नावाबद्दलच बोलत बसतील. ते कीटकांचे अभ्यासक होते, शिकवायचे सुरेख, आणि मला त्यांच्याबद्दल नितांत आदर होता. हेही खरं आहे.

भाद्रपदातल्या एका दुपारी आईने कूलर धुवायला काढला. ताटी ओढली आणि काळ्या धुरासारखी चिलटं तिच्या तोंडावर उडाली. "सुलू, फिनाइल आण गं, सगळं घाण झालंय." मी फिनाइल आणायच्या ऐवजी ताटीजवळ वाकले. भिजून काळ्या पडलेल्या किसावर पांढरी बुरशी पसरली होती आणि तिच्यावर बारीक, पारदर्शक अळ्या सरकत होत्या. काचेच्या तंतूसारखं अंग, पुढे चकचकीत काळं डोकं. त्या जिथून गेल्या तिथे चिकट चमकदार रेघ उरत होती. मी आईची लोणच्याची रिकामी बरणी घेतली आणि ताटीचा एक तुकडा तिच्यात भरला. आई म्हणाली, "त्या बरणीत मी आता परत लोणचं घालणार नाही, सांगून ठेवते." तिने खरंच कधी घातलं नाही.

बरणीतून आठवड्याभरात चिलटं निघाली. मी ती सरांकडे नेली. सरांनी जाड परदेशी पुस्तक उघडलं आणि एकेक पायरी करत ओळख लावू लागले. पंखातली शीर अशी असेल तर इकडे जा, तशी असेल तर तिकडे. तीन दिवसांनी ते एका पायरीवर थांबले आणि त्यांना पुढे जायला वाटच नव्हती. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बेटा, ये तो कहीं है ही नहीं."

त्या वाक्याचा आनंद मी कधी नाकारणार नाही. खिडकीबाहेर सायकल स्टँडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, खोलीत स्पिरिटचा वास होता, आणि आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या कूलरमधून निघालेला एक जीव जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

नवी प्रजाती जाहीर करायची तर तिचं वर्णन लिहावं लागतं आणि चित्रं काढावी लागतात. या चिलटांची ओळख नराच्या शेपटाकडच्या टोकावर ठरते. तिथे चिमट्यासारखी एक पकड असते आणि पकडीच्या आतल्या बाजूला काटे. काटे किती, केवढे, कुठे वळलेले, त्यावर सगळं. कॉलेजातला चित्रकार सुट्टीवर गेला होता. मी म्हटलं, सर, माझे वडील ड्राफ्ट्समन आहेत.

बाबा रविवारी आले. कपाळावर पावसाचं पाणी, पिशवीत पेनं आणि कागदांची गुंडाळी. आयुष्यभर त्यांनी टर्बाइनचे भाग कागदावर काढले होते, माणूस आत उभा राहील एवढे. मायक्रोस्कोपला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळा लावला. मग डोळा न काढता म्हणाले, "सुलू, हे फिटिंग बघ. कुठे सूतभर फट नाही."

ते चार रविवार आले. आम्ही दोघंच असायचो. ते बघायचे, मोजायचे, रेघ ओढायचे, पुन्हा बघायचे. मी डबा उघडून पोळीचा रोल त्यांच्या डाव्या हातात द्यायची. आमच्यात तेव्हा जेवढं बोलणं झालं तेवढं आधी किंवा नंतर झालं नाही, आणि ते सगळं त्या पकडीबद्दल होतं.

तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "काटे चार आहेत."

"बाबा, सरांनी तीन मोजलेत."

"मोजले असतील. चौथा तिसऱ्याच्या मागे आहे, आखूड. काचपट्टी जरा फिरव आणि फोकस खाली घे."

मी फिरवली, खाली घेतला. होता. आखूड, किंचित वाकलेला, तिसऱ्याच्या सावलीत लपलेला. मी उरलेले सगळे नर एकामागून एक तपासले. प्रत्येकाला चार.

सोमवारी मी सरांना दाखवलं. त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाले, "है तो." त्यांना दिसलं नाही असं नव्हतं, त्यांचा गैरसमज झाला असंही नव्हतं. मी समोर उभी होते. ते "है तो" म्हणाले, आणि मग म्हणाले, "पर बेटा, सारांश तो जा चुका है. परिषद में तीन पढ़ दिया मैंने. अब चार कहूँगा तो लोग कहेंगे गिनना नहीं आता."

मग त्यांनी माझी नोंदवही ओढली. मी लिहिलं होतं, बरखेडा, क्वार्टरच्या खिडकीतला कूलर, ओली ताटी. त्यांनी त्यावर काट मारली. "ये कूलर-वूलर हटाओ. जंगल लिखो."

"सर, पण सापडलं कूलरमध्येच."

"कूलर में नई प्रजाति? दुनिया हँसेगी. और वो लकड़ी भी तो किसी जंगल से ही आई होगी ना?"

ते हसले. मीही हसले. मी हसले होते. सरांच्या ओठातून ते वाक्य इतक्या सहज, इतक्या प्रेमळपणे आलं होतं की न हसणं उद्धटपणाचं वाटलं असतं. आणि खरं कारण वेगळंच होतं. कॉलेजात व्याख्यात्याची एक जागा निघणार होती आणि निवडीच्या टेबलावर सर बसणार होते.

लेख टाइप करायला मी जवाहर चौकातल्या एका दुकानात गेले. खाली भांड्यांचं दुकान, वर लाकडी जिना, आणि खिडकीपाशी एक वयस्कर टायपिस्ट. सरांचं अक्षर त्याला लागेना, म्हणून मी शेजारी उभी राहून वाचून दाखवलं. काटे तीन, मी म्हटलं. त्याने ठोकलं. ठिकाण, भोपाळजवळचं दाट जंगल, पडलेल्या ओंडक्यावर. त्याने ठोकलं. माझ्या आवाजात, माझ्या तोंडून ते कागदावर गेलं. प्रजातीला नाव दिलं होतं ते सरांच्या वरच्या साहेबांचं. त्यांनी आयुष्यात चिलट बघितलं असेल तर ते चहात. मी तेही वाचून दाखवलं, अक्षर अन् अक्षर.

लेख छापलेला अंक आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बाबांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि टेबलावर अंक उघडून आपलं चित्र बघितलं. चौथा काटा ब्लेडने खरवडून काढला होता. खरवडलेलं लपवायला तिसऱ्याची रेघ जाड केली होती. खाली लिहिलं होतं, चित्रे लेखकाची.

"हे मी काढलेलं नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं, नाव नाही म्हणून. मी म्हटलं, "बाबा, मी सरांशी बोलेन, तुमचं नाव पुढच्या वेळी..."

"नावाचं जाऊ दे. मी चार बघितले, चार काढले. हे तीन कोणाचे आहेत?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू वाचलं होतंस ना, छापायला जायच्या आधी?"

"घाई होती," मी म्हटलं.

त्यांनी अंक मिटून माझ्या हातात दिला आणि संध्याकाळची पाळी नसतानाही ते सायकल घेऊन बाहेर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा कधी हा विषय काढला नाही. कारखान्यातली यंत्रं कशी बनतात हे मला जेवताना सांगायचे, ते मात्र बंद झालं.

ती जागा मला मिळाली. पुढे कायम झाली. तीस-एक वर्षं मी मुलांना शिकवलं की जे दिसतं ते लिहा, जे दिसायला हवं ते लिहू नका. पहिल्या तासाला हेच सांगायची, आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. सरांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या कामांची यादी वाचली गेली, तीत आमचं चिलट होतं. मी टाळ्या वाजवल्या. ते गेले तेव्हाच्या शोकसभेतही ते होतं. त्याही वेळी मी गप्प बसले, आणि या खेपेला तर मला कुणाकडून काहीच नको होतं. नुसती सवय झाली होती.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. आता ते पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. नजर मधोमध पुसली गेली आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. खिडकीपाशी खाटेवर बसून रेडिओ ऐकतात.

गेल्या पावसाळ्यात नागपूरची एक मुलगी दारात उभी राहिली. ऋता तिचं नाव, देशातल्या या चिलटांचा नव्याने अभ्यास करते. हाताला प्लास्टर होतं. जुन्या लेखात आभार मानलेल्यांत माझं नाव वाचून शोधत आली होती. चहा घेताना तिने सांगितलं की ती दोन पावसाळे भोपाळभोवतीची जंगलं पालथी घालते आहे, ओंडका अन् ओंडका उलटून बघते आहे. हे चिलट कुठेच नाही. त्या वर्षी ओल्या कातळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. कॉलेजातली मूळ काचपट्टी तिने काढून बघितली, पण तिच्यावरचा लेप काळा पडलाय, आतलं काही दिसत नाही.

"काकू, आता मला लिहावं लागणार, की ही प्रजाती बहुधा नामशेष झाली," ती म्हणाली. "तुम्हाला ती जागा आठवते का? कुठल्या बाजूचं जंगल?"

तिच्या मागे, शेजारच्या कूलरभोवती, चिलटं उडत होती. आणि मी, साठी उलटलेली, निवृत्त, कुणाची भीती नसलेली बाई, म्हणाले, "खूप वर्षं झाली गं. नीट आठवत नाही."

खाटेवरून बाबांचा आवाज आला. "जंगलात नको शोधूस, पोरी. ते आमच्या कूलरमध्ये होतं." त्यांनी रेडिओ बंद केला. "आणि काटे चार होते."

ऋताने माझ्याकडे बघितलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिने खाली आपल्या प्लास्टरकडे बघितलं, आणि मला ज्याची इतकी वर्षं भीती वाटत होती ते तिथे, त्या बघण्यात होतं. मी सगळं सांगितलं. सारांश, "है तो", ओंडका, टाइपिंगचं दुकान. सांगताना माझा आवाज चढत गेला. सरांवर, साहेबांच्या नावावर, दुनिया हँसेगी या वाक्यावर. ती मधे एकदाच बोलली. "काकू, मी दोन वर्षं ओंडके उलटत होते."

पुढचे चार दिवस आम्ही दोघी गल्लीत फिरलो. ती एका हाताने ताटी धरायची, मी तुकडे कापून पिशवीत भरायची. भाभी दारात उभ्या राहून विचारायच्या, दीदी, ये क्या सफाई अभियान है. पाचव्या कूलरमध्ये काळ्या डोक्याच्या अळ्या निघाल्या. ऋताने त्या नागपूरला नेल्या, वाढवल्या, आणि तीन आठवड्यांनी फोन केला. मी फोन बाबांच्या कानाजवळ धरला.

"आजोबा, चार आहेत."

"आखूड आहे ना? तिसऱ्याच्या मागे?"

"हो. आणि थोडा वाकलेला."

"आतल्या बाजूला," बाबा म्हणाले, आणि फोन मला परत दिला. त्या दिवशी जेवताना ते मला, माझ्या लहानपणी कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका मोठ्या चाकाबद्दल बरंच काही सांगत राहिले.

या वर्षी ऋता लेखाचा मसुदा घेऊन आली. चिलटाचं नाव बदलता येत नाही, असा नियम आहे म्हणे. एकदा छापलं की ते त्या साहेबांचंच राहणार. हेही मला गिळवत नाही. पण ठिकाण बदललं होतं. बरखेडा, क्वार्टरच्या खिडकीतला कूलर. काटे चार. पहिलं अचूक निरीक्षण कुणाचं, तिथे बाबांचं पूर्ण नाव होतं. त्याखाली एक ओळ होती, मूळ वर्णनात ठिकाण आणि काट्यांची संख्या चुकून वेगळी नोंदली गेली.

"'चुकून' काढ," मी म्हटलं.

"काकू, आमच्यात असं थेट लिहीत नाहीत. आणि तपासणारे विचारतील, पुरावा काय."

"मी आहे ना. लिही, की मला तेव्हा माहीत होतं. माझं नाव आडनावासकट घाल."

तिचे हात लॅपटॉपवर थांबले. बाबा खाटेवर होते, जागे होते. ती म्हणाली, "ते विचारतील की माहीत होतं तर इतकी वर्षं का सांगितलं नाही. तिथे काय लिहू?"

"नोकरी हवी होती, असं लिही," मी म्हटलं.